पोर्तुगीजचा तयार पाठसंच: बाजार झकास, पण म्हापशाचा नव्हे

गोव्यात नववीच्या 22 मुलांना मी आठवड्यातून तीन तास पोर्तुगीज शिकवते. तास म्हणजे 35 मिनिटं, त्यातली पाच हजेरीत जातात. दर वेळी नवं रचायला सवड होत नाही, म्हणून मे महिन्यात एक विषयवार पाठसंच मागवला. 1,800 रुपये, टपालखर्च वेगळा. विकणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. माणसं सभ्य आहेत, फोन उचलतात.

फायलीत सहा विषय आहेत: घर, शाळा, बाजार, जेवण, प्रवास, सण. 'घर' उघडलं आणि कपाळाला हात लावला. चाळीस शब्दांची यादी, खाली जोड्या लावा. हे शब्दकोशाचं पान झालं. शेवटी मुलाला काय करता यायला हवं ते आधी ठरवायचं आणि त्याला लागेल तेवढंच शिकवायचं, ही साधी गोष्ट तिथे नाहीच. शिवाय इथे ही यादी लागतेय कुणाला? मेज, जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), चावी हे पोर्तुगीजमधून कोंकणीत आलेले शब्द पोरं घरूनच घेऊन येतात.

'बाजार' मात्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिला असावा. शेवटचं काम पहिल्याच पानावर दिलंय: दहा युरोत चौघांच्या सूपाचं सामान आणा आणि एका तरी वस्तूचा भाव पाडा. त्यासाठी पहिल्या दिवशीच 'केरिया उं किलु द...' हे वाक्य मुलांच्या हाती देतात. हा अदबीचा भूतकाळ. आपणही दुकानात 'एक किलो बटाटे हवे होते' म्हणतोच की! व्याकरणाच्या पुस्तकात हे रूप फार उशिरा येतं. इथे क्रियापदाची सगळी रूपं चालवून दाखवायची नाहीत, वाक्य जसंच्या तसं तोंडात बसवायचं. मागच्या बाकावरच्या एकाने ते 'करूया' असं ऐकलं आणि 'करूया उं किलु द बताता' म्हणत वर्गभर हिंडला. म्हटलं, चालेल.

तिथेच लिंगाची गंमत झाली. आपला बटाटा पुल्लिंगी, म्हणून पोरं हटकून पुल्लिंगी 'उ' लावून 'उ बताता' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ती बताता. पाव मात्र दोन्हीकडे तो. संचात या तुलनेला जागाच ठेवलेली नाही. मी फळ्यावर दोन रकाने आखले.

खरा राग आहे तो छपाईचा. कार्डांवर पावाच्या स्पेलिंगमधली 'ए'वरची लहर (~) गळून गेली आहे. ती नसली की 'पाँउ'चा 'पाउ' होतो, आणि पाउ म्हणजे काठी. पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, दोन काठ्या मागणारा वर्ग तयार झाला! 48 कार्डं बॉलपेनने दुरुस्त करण्यात माझा अख्खा रविवार गेला. कळवलं, तर उत्तर आलं, 'पुढच्या आवृत्तीत बघू'.

आणि बाजार सगळा लिस्बनचा. माझे आजोबा पोर्तुगीज राजवटीत सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, शिकलेले. बार्देशात बसून पोर्तुगालच्या नद्या नि रेल्वे स्टेशनं घडाघडा म्हणायचे, अगदी शेवटपर्यंत. तेच पुन्हा कशाला? मी युरो काढून टाकले आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घातला: मयड्याची केळी, हरमलची मिरची, चोरीसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा. घासाघीस लगेच खरी वाटायला लागली.

'सण' सगळ्यात सरस. पोर्तुगालच्या पोर्तू शहरात सांव जुआंवच्या (संत जॉनच्या सणाच्या) रात्री, 23 जूनला, लोक एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे मारतात आणि सार्डिन भाजून खातात. आमची पोरं त्याच सणाला, म्हणजे सांजावला, 24ला कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या टाकतात. काम असं: पोर्तूच्या मुलाला आपला सांजाव पाच वाक्यांत सांगा. एकीने लिहिलं, 'आम्ही विहिरीत पडतो. आई रागावते.' दोन्ही क्रियापदं बरोबर.

परीक्षा मात्र जुनीच, रिकाम्या जागा भरा. फायलीवर 'ए 1', म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, असं ठळक छापलंय. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या 2001च्या चौकटीत ही पातळी 'काय करता येतं' अशा वाक्यांनी सांगितलेली आहे, आणि इथे बोलण्याला एक गुण नाही. तोंडीची गुणपत्रिका मीच केली.

घ्यायचा तर 'बाजार' आणि 'सण' यांसाठी घ्या. सुटे विकत नाहीत, विचारून झालंय. 'प्रवास'मध्ये मेट्रो आहे. तिच्या जागी पणजी-बेती फेरीबोट घालणार होते, पण चालत जाणाऱ्याला तिथे तिकीटच नाही. 'तिकीट कितीला?' हा संवाद आता कुठे बसवायचा ते बघतेय.