जुन्या गाडीच्या एसीची गळती आणि माझे गेलेले 14,000 रुपये

दोन महिन्यांत एकाच गळतीसाठी मी 14,000 रुपये मोजले आणि गळती होती तिथेच राहिली. जळगावात हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये हा प्रकार घडला. मी बावीस वर्षे शिक्षक आहे, हिशेबाला कच्चा नाही, तरीही फसलो.

गाडी 2010 सालची आहे. आईला महिन्यातून दोनदा धुळ्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर गेला की काचा खाली करूनही झळाच आत येतात. एसी गार हवा देईनासा झाला तेव्हा चार गॅरेजांत चौकशी करत बसण्याइतका वेळ माझ्याकडे खरोखरच नव्हता. एका सहकाऱ्याने नाव सुचवले आणि मी गेलो. "सर, गॅस संपलाय," एवढेच सांगून त्याने दहा मिनिटांत गॅस भरला आणि 1,800 रुपये घेतले. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला नाही, गळती शोधली नाही आणि गॅस वजनकाट्यावर मोजलाही नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेरच गेलेला असतो. कोणी "दरवर्षी भरावाच लागतो" असे सांगितले, तर तिथून सरळ निघावे.

अठराव्या दिवशी एरंडोलजवळ पुन्हा गरम हवा येऊ लागली. आई काही बोलली नाही, ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्याच गॅरेजमध्ये गेलो. या वेळी त्याने गळतीच्या जागी बॅटरीच्या उजेडात चमकणारा रंग नळीत सोडला, निळ्या बॅटरीने इकडे तिकडे पाहिले आणि कूलिंग कॉइल फुटल्याचे सांगितले. कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, असे तोच म्हणाला. कॉइल 6,500, मजुरी 3,200, गॅस आणि तेल 1,900, रंगाचे 600, असे एकूण 12,200 रुपये झाले. त्यांपैकी 7,000 मी मोबाइलवरून दिले आणि 5,200 रोख. बिल मागितले तेव्हा एका चिठ्ठीवर "एसी काम 12,200" एवढेच लिहून मिळाले.

जे मला आजही झोपू देत नाही ते आता सांगतो. अडीच तासांनी गाडी घ्यायला गेलो तेव्हा डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला छोटा गणपती जागच्या जागी होता. त्याच्या पायाशी चार दिवसांपूर्वी वाहिलेली झेंडूची वाळकी पाकळी तशीच पडलेली होती, आणि डॅशबोर्ड व काच यांच्या फटीतली धूळसुद्धा कोणी हलवलेली नव्हती. ज्या कामाला दिवस जातो, स्टीअरिंगपासून सगळे सुटे करावे लागते, त्या कामानंतर ती पाकळी तिथे राहिलीच कशी? मी ती पाहिली होती. पाहूनही गप्प राहिलो, कारण त्याच क्षणी त्याने "ही तुमची जुनी कॉइल" म्हणून एक कॉइल माझ्या हातात ठेवली, तिच्यावर बॅटरी मारून पिवळट हिरवी चमक दाखवली आणि आतून गार हवाही येत होती. गॅस नुकताच भरला असेल तर हवा गार येणारच, हे एवढे साधे गणित मला तिथे उभ्या उभ्या सुचले नाही.

त्यानंतर सोळा दिवसांत गॅस पुन्हा गेला. धुळ्याहून परतताना पारोळ्यात एका वयस्कर मेस्त्रीकडे गाडी थांबवली. त्यांनी आधी बॉनेट उघडून गॅस भरण्याच्या तोंडावरचे टोपण कुठे आहे, असे विचारले. टोपण नव्हते, पहिल्यांदा गॅस भरला तेव्हा काढलेले ते परत बसवलेच नव्हते. त्यांनी बोटाने साबणाचे पाणी त्या तोंडावर लावले आणि आतल्या पिनेपाशी मोहरीएवढे बुडबुडे एकापाठोपाठ वर येऊ लागले. मग ग्लोव्ह बॉक्स काढून बारीक कॅमेरा आत सोडला. कॉइल जुनीच होती, वर्षानुवर्षांची धूळ आणि कडुलिंबाची पाने तिच्यावर थापली गेली होती. मी डिकीतून ती "जुनी" कॉइल आणून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, ही कॉइल तुमनी गाडीनी नही शे." तिच्या नळ्यांची तोंडे माझ्या गाडीतल्या नळ्यांशी जुळतच नव्हती. पिनेचे 50 आणि व्हॅक्यूम करून बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे वजन करून भरलेल्या 420 ग्रॅम गॅसचे 1,600, असे 1,650 रुपये त्यांनी घेतले आणि तसे बिलावर लिहूनही दिले.

गॅससोबत तेलही फिरते, म्हणून जिथून गॅस जातो तिथे बहुधा तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो. नळ्यांचे जोड, कंडेन्सर (गाडीच्या पुढची गॅस थंड करणारी जाळी) आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे तोंड आपल्या डोळ्यांनी पाहावे. कॉइलच गळते असे कोणी म्हटले, तर गाडीखाली एसीचे पाणी टपकते त्या नळीपाशी लीक डिटेक्टर (गॅस हुंगणारे यंत्र) धरून दाखवायला सांगावे. नुसत्या दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही.

पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्यांदा "हा दिवाणी वाद आहे" म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्याच गाडीची कॉइल माझी म्हणून दाखवणे ही फसवणूक नाही तर काय आहे, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पण त्याची पोच दिली नाही. गॅरेजवाल्याला बोलावून माझ्यासमोर चहा पाजला आणि 2,000 रुपये घेऊन मिटवा, असे मलाच समजावले. "शिक्षक माणूस तुम्ही, कशाला या भानगडीत पडता?" हे वाक्य मी विसरणार नाही. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात पक्के बिल नसेल तर आमच्याकडे येऊ नका, असे खिडकीतूनच सांगितले. जो बिल देत नाही त्याला, बिल दिले नाही म्हणूनच, संरक्षण मिळणार असेल तर गाऱ्हाणे मांडायचे कोणापुढे? नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माहिती घेतली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतल्या त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हे त्या खिडकीतल्या माणसाला एका वाक्यात सांगता आले असते.

तक्रार मी पुढच्या आठवड्यात दाखल करत आहे. मोबाइलवरच्या 7,000 रुपयांची नोंद, ती चिठ्ठी, पारोळ्याचे बिल आणि कॅमेऱ्यातले फोटो एका फाइलमध्ये लावले आहेत. रोख दिलेल्या पैशांची नोंद त्या चिठ्ठीखेरीज कुठेच नाही. परकी कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, तीही आयोगापुढे ठेवणार आहे.