‘काका, तुमचा नंबरच जास्त आहे’

भिगवणला होडीत बसून बाबा दुर्बीण डोळ्यांना लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. समोर उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. ‘दिसतंय का?’ मी विचारलं. ‘दिसतंय, दिसतंय,’ म्हणाले. मला कळलं की त्यांना काहीही दिसत नाहीये.

बाबांचं वय ७४. चष्मा शाळेपासूनचा, नंबर उणे पाचच्या पुढे आणि दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा (एकाच दिशेने धूसर दिसण्याचा) नंबर. पक्षी बघायची हौस जुनी, पण चांगली दुर्बीण कधी घेता आली नाही. म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांना दुकानात घेऊन गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथे काय काय झालं ते मात्र सगळं लिहिते, कारण हाच माल हीच वाक्यं बोलून अजून कित्येक ठिकाणी विकला जातो.

दुर्बिणीवर ‘३०×६०’ असं छापलेलं, म्हणजे तीसपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ६० मिलिमीटरचं. भिंगं लालभडक चमकणारी. दुकानदार म्हणाला, ‘तीसपट मोठं दिसतं, लाल कोटिंगमुळे अंधारातही दिसतं, चष्मेवाल्यांसाठी तर खासच आहे.’ मग त्याने बाबांचा चष्मा काढून स्वतःच्या हातात घेतला, दुर्बिणीचं फोकसचं चाक फिरवलं आणि रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. फूटभर उंचीची अक्षरं, भर दुपारचं ऊन. बाबांना ती वाचता आली. साडेसहा हजार रुपये दिले आणि हातात एक कच्ची चिठ्ठी आली.

घरी बाबा गच्चीवरून खंड्या बघायला गेले तर चष्मा काढल्यावर पक्ष्याच्या कडा पसरट, दुहेरी. चष्मा लावून बघितलं तर नळकांड्यातून बघावं तसं मधोमध एक छोटं वर्तुळ आणि भोवती काळोख. पाच मिनिटांत कपाळ ठणकायचं. आम्ही परत दुकानात गेलो. तेव्हा त्याने ते वाक्य म्हटलं: ‘काका, दुर्बीण चांगलीच आहे, तुमचा नंबरच जास्त आहे. डोळे तपासून घ्या.’

बाबांनी ते खरं मानलं, याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. पैशांपेक्षाही जास्त. ते महिनाभर गप्प गप्प होते. आपली नजर जातेय असं त्यांच्या मनाने घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर जसाच्या तसा, पडदा ठीक, काही बिघाड नाही.

मग भिगवण. आमच्या होडीतल्या गाइडने बाबांची धडपड पाहिली आणि आपली ८×४२ काढली. डोळ्याकडच्या दोन्ही रबरी कडा फिरवून पार खाली बसवल्या आणि म्हणाला, ‘आजोबा, चष्मा राहू द्या. असंच बघा.’ बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अगं, चोच उलटी करून खातोय तो!’

त्या दिवशी परत येताना गाइडने जे समजावलं आणि नंतर मी घरी जे पडताळून पाहिलं, ते असं. दुर्बिणीच्या भिंगापासून डोळा एका ठरावीक अंतरावर असला तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते, त्यामुळे चष्मेवाल्याला किमान १५-१६ लागतं आणि जाड काचेला त्याहून थोडं जास्त. आमच्या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर टॉर्च धरला, मागे कागद धरला आणि प्रकाशाची चकती सगळ्यात रेखीव दिसेपर्यंत तो मागेपुढे केला. डोळ्याकडच्या काचेपासून कागद जेमतेम ९ मिलिमीटर. त्यातही ती काच रबराच्या आत खोल बसवलेली आणि रबर खाली दुमडतच नाही. चष्मा लावून त्यातून पूर्ण दिसणं शक्यच नव्हतं.

‘चष्मा काढून बघा’ हा सल्ला फक्त साध्या नंबरवाल्यांपुरता आणि तोही चाक तेवढं फिरत असेल तरच खरा. सिलिंडरचा नंबर कुठल्याही चाकाने भरून निघत नाही.

आता तीसपटीचं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की डोळ्याकडच्या भिंगात एक उजळ ठिपका दिसतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले या ठिपक्याचा व्यास म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. ३०×६० मध्ये ठिपका २ मिलिमीटरचा हवा. आमचा ४ चा भरला आणि पुढची काच मोजली तर ६० नव्हे, ४०. म्हणजे दहापट. शिवाय अंगावर छापलं होतं की हजार मीटरवर १२६ मीटर रुंदी दिसते. ते होतात ७.२ अंश. तीसपट मोठं दिसायचं तर डोळ्याला ते तीसपट पसरलेलं दिसणार, म्हणून तीसने गुणा: २१६ अंश, अर्ध्या वर्तुळाहूनही जास्त. असं भिंग असूच शकत नाही. आणि लाल कोटिंग लाल प्रकाश परत फेकतं, म्हणून आमचे रोहित गुलाबी न दिसता निळसर दिसत होते. अंधाराशी त्याचा काही संबंध नाही. खरी तीसपट असती तरी हातात धरून थरथरीमुळे काही दिसलं नसतं. आठपट पुरते.

दुकानात बघाल तेव्हा चष्मा उतरवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. रबरी कडा खाली करा, बिजागरी हलवून दोन वर्तुळांचं एक करा. मग उजवीकडचं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावीकडचं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. चष्मा बरोबर असेल तर ती शून्याच्या आसपासच थांबते. प्रोग्रेसिव्ह काचा (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणाऱ्या) असतील तर मान सरळ ठेवून वरच्या भागातून बघा. आणि पाटी नको, दूरच्या झाडाची फांदी बघा.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा बोर्ड आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. डोळे तपासण्यात आमचे ते दिवस निघून गेले. तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून आमच्याकडे ती चिठ्ठी आहे. तिच्यावर दुकानाचा शिक्का नाही, फक्त ‘दुर्बीण, १ नग’ आणि रक्कम. बाबांनी ती दुर्बिणीच्या पिशवीत घडी करून ठेवली आहे.