नुसते बुश की अख्खा लोअर आर्म?

मेहुण्याची १४ वर्षांची हॅचबॅक. ब्रेक मारला की पुढून ‘खट्ट’, आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मेकॅनिक म्हणतो लोअर आर्मच (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला. मेहुणा म्हणतो, एवढ्याशा बुशसाठी, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरासाठी?

आधी खात्री केली. गाडी स्टँडवर घेऊन आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेला असतो ती चौकट) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घातली, हलवली. मागच्या बुशचं रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं, चंद्रकोरीएवढी फट उघडत होती. वरवरच्या बारीक चिरा असत्या तर हातही लावला नसता. (खडबडीत रस्त्यावर सतत खडखड असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याची छोटी जोडणी) बघा, स्वस्तात सुटाल.)

खर्चात बुश जिंकतात, पण वाटतं तेवढे नाही. काहीही बदला, आर्म उतरवायचाच, चाकांची अलाइनमेंटही करायचीच. बुशला वर प्रेसची (बुश दाबून काढायचं-बसवायचं यंत्र) मजुरी.

टिकण्याचं गणित बॉल जॉइंटवर (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) आहे. बऱ्याच गाड्यांत तो आर्मसोबतच येतो. तो ढिला असेल तर नुसते बुश घालणं म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा तीच मजुरी. मात्र बिननावाच्या स्वस्त आर्मपेक्षा मूळ आर्म आणि चांगले बुश मी कधीही घेईन.

मेहनत? प्रेस नसेल तर बुशच्या नादी लागू नका. हातोडीने ठोकलेला बुश तिरका बसतो. आणि काहीही घाला, बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करूनच. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बॉल जॉइंट घट्ट, आर्म सरळ आणि प्रेसवाला ओळखीचा असेल तर बुश. जॉइंट हलतोय, आर्म गंजलाय किंवा गाडी संध्याकाळपर्यंत हवीय, तर आर्म. मेहुण्याचा जॉइंट हलत होता.