मोरी तुंबली: पंप, पावडर की स्प्रिंग?

तुंबलेल्या मोरीवर हार्डवेअरच्या दुकानात तीन गोष्टी सहज मिळतात: रबरी पंप, पाईप साफ करायची पावडर आणि गुंडाळून ठेवलेली लांब लोखंडी स्प्रिंग. एकच घ्यायची असेल तर मराठवाड्यातल्या घरानं स्प्रिंग घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ती प्रत्येक ठिकाणी चालत नाही. कुठे चालत नाही हे आधी कळलं, तर पैसेही वाचतात आणि पाईपही.

आपल्याकडचे पाईप तुंबतात त्याला कारण आपलं पाणी आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आजही अनेक शहरांत नळ कित्येक दिवसांच्या अंतरानं येतो. त्यामुळं आपण पाणी जपूनच सांडतो. भाकरी थापलेली काठवट तांब्याभर पाण्यात विसळली जाते आणि ज्वारीचं पीठ पाईपाच्या वळणात बसतं. पाईपात गाळ ढकलत नेणारा जोरच नसतो. त्यात बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट साका होतो. न्हाणीतले केस त्या साक्यात गुंतले की त्यांचा घट्ट बोळा तयार होतो.

हत्यार विकत घेण्याआधी बाहेरच्या चेंबरचं झाकण उचलून बघा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा पुढे, रस्त्याच्या नालीकडे किंवा शोषखड्ड्याकडे आहे. घरात काहीही घालून उपयोग नाही. चेंबर रिकामं आणि मोरीत पाणी साचलेलं, तर तुंबलंय घर ते चेंबर यांच्या मधे, आणि तेवढं काम घरच्या घरी होण्यासारखं असतं.

रबरी पंप स्वस्त असतो आणि ताज्या अडथळ्यावर चांगला चालतो. भाताची शितं, चहाचा चोथा, भाजीची सालं अशी सिंकमध्ये नुकतीच अडकलेली वस्तू त्यानं हलते. रबराची वाटी बुडेल इतकं पाणी वर हवं, आणि सिंकचं वरचं भोक व शेजारची जाळी ओल्या फडक्यानं दाबून धरायला हवी, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. केसांच्या बोळ्यापुढे मात्र पंप थकतो. दाबानं बोळा चार बोटं पुढे सरकतो आणि आठवड्यात पुन्हा पाणी तुंबतं. सिंकखालचे सांधे नुसते हातानं आवळलेले असतील तर फार जोर लावू नका, ते सुटतात.

पावडर घ्यायला लोकांना सगळ्यात सोपी वाटते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. तिच्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. तो तेलकट थराचा साबण करतो आणि केसही काही अंशी विरघळवतो. पण जड पाण्यात तो साबण पुन्हा साका धरतो. पाणी पूर्ण साचलेलं असेल तर पावडर अडथळ्यापर्यंत धड पोचतही नाही, वरच्या पाण्यातच विरते. मग त्या पाण्यात हात घालणाऱ्याची कातडी आणि डोळे धोक्यात येतात. सोडा पाण्यात पडला की उष्णता निघते, म्हणून सोड्यावर पाणी ओतू नये, पाण्यात सोडा थोडा थोडा सोडावा. त्यावर ॲसिड तर कधीच ओतू नका, पाणी उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू होतो, आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो.

ॲसिडचं आणखी एक. आपल्या जुन्या घरांतल्या मोऱ्यांना शहाबादी फरशी असते आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पाईपात जाण्याआधी फरशीच खातं. उकळतं पाणी ओतायचीही सवय अनेकांना आहे. पीव्हीसी पाईप साधारण ६० अंशांपुढची उष्णता नीट सोसत नाही, सांधे ढिले पडतात. हाताला सोसेल इतकं कोमट पाणी पुरे.

आता स्प्रिंग. तिला साचलेलं पाणी लागत नाही, रसायन लागत नाही, आणि ती बोळा पुढे ढकलण्याऐवजी बाहेर ओढून आणते. पाणी मोजून वापरणाऱ्या घराला याहून सोयीचं काय असणार? घरासाठी पाच मीटरची, हातानं फिरवायच्या मुठीची घ्या. मोरी अंगणापासून लांब असेल तर दहा मीटरची. सिंकच्या पाईपाला बारीक स्प्रिंग लागते. जाड घेतली तर ती वळणावरच अडते.

सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाईपातला बाटलीच्या आकाराचा भाग, उघडून आधी तोच धुवा, निम्म्या वेळा काम तिथंच संपतं. नाहीतर भिंतीतल्या पाईपात स्प्रिंग घाला. न्हाणीत जाळी काढून आतली वाटीही काढा, आणि काम झालं की ती परत बसवा. अनेक जण ती अडचण म्हणून फेकून देतात, मग घरभर झुरळं आणि वास.

स्प्रिंग अडली की ढकलू नका, थांबून मूठ घड्याळाच्या दिशेनं फिरवा. पाईपाचं वळण असेल तर ती फिरत फिरत पुढे सरकते. बोळा असेल तर हाताला मऊ, जड ओढ लागते. तशी लागली की फिरवत फिरवतच सावकाश मागे ओढा. उलटं फिरवलं तर टोकाला अडकलेलं सुटून जातं. जो गोळा निघेल तो कचऱ्यात टाका, पुन्हा पाईपात नको. मग कपडे धुतलेलं एक बादली पाणी एका दमात ओता. स्प्रिंग धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. ओली ठेवली तर गंजून तुटते, आणि पाईपातच तुटली तर भिंत फोडावी लागते.

पावडर टाकून झालेल्या पाईपात स्प्रिंग घालू नका, ओढताना तेच पाणी तोंडावर उडतं. कमोडमध्येही ही उघडी स्प्रिंग नको, चिनी मातीवर चरे पडतात. त्यासाठी रबरी आवरणाची वेगळी मिळते. जुन्या वाड्यांतल्या भाजक्या मातीच्या पाईपांत पिंपळ-उंबराची मुळं शिरलेली असतील तर हातची स्प्रिंग हरते. तिथं मोटरवर चालणारी मशीन असलेल्या प्लंबरलाच बोलवा.

आणि अडथळा चेंबरच्या पुढे असेल तर कुणाही माणसाला आत उतरवू नका, कितीही पैसे मागितले किंवा कमी घेतले तरी. सेप्टिक टँकमधला वायू क्षणात माणूस पाडतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला तिथं उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नगरपालिकेची मैला उपसायची गाडी मागवा. तिला दोन दिवस लागले तरी थांबा, तोवर भांडी अंगणात घासा.