ईटीसी-कीपर: डेबियनच्या सर्व्हरवर आठ महिने वापरल्यानंतर

ईटीसीकीपर म्हणजे लिनक्सच्या ईटीसी फोल्डरमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जच्या, फाइलींचा इतिहास ठेवणारं टूल. डेबियन 12 वर 'एप्ट इन्स्टॉल ईटीसीकीपर' केलं की ईटीसी फोल्डरची गिट रिपॉझिटरी (बदलांची नोंदवही) होते आणि पहिली कमिट (त्यातली एक नोंद) आपोआप पडते. फेडोरावर मात्र 'ईटीसीकीपर इनिट' हाताने चालवावं लागतं. पुढे प्रत्येक एप्टच्या (पॅकेज बसवणाऱ्या कमांडच्या) आधी आणि नंतर कमिट होत राहते. सुडोतून (रूटचे अधिकार घेऊन) बदल केला तर कमिटवर त्या युजरचं नाव येतं. एकाच सर्व्हरवर चौघांचे हात असले की 'हे कुणी बदललं?' हा वाद तिथेच मिटतो.

खरी किंमत कळते ती एफएसटॅब (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) बिघडल्यावर. यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) चुकला आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) नसेल, तर सिस्टिमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कसाठी 90 सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये आणून सोडतं. (रूटला पासवर्डच नसेल तर तिथेही दार बंद, लाइव्ह यूएसबी काढा.) आधी रूट पार्टिशन रीड-राइट रीमाउंट करायचं, मग ईटीसीमध्ये जाऊन 'गिट लॉग -पी एफएसटॅब' बघायचं, बरोबर कमिटमधून तेवढीच फाइल चेकआउट करायची (परत आणायची) आणि रीबूटआधी 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवायचं. पाच मिनिटांचं काम.

सगळ्या फाइली इतक्या सरळ नाहीत. गिट फाइलचा मालक लक्षात ठेवत नाही आणि परवानग्यांपैकी फक्त एक्झिक्युट बिट जपतं. त्यामुळे चेकआउट केलेली शॅडो फाइल 640 ऐवजी 644 होऊन बसते, म्हणजे पासवर्डचे हॅश मशीनवरच्या कुणालाही वाचता येतात. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या की, तशाच उघड्या पडल्या तर चालू सेशन टिकतं, पण पुढच्या रीस्टार्टला एसएसएचडी त्या की नाकारतो. मूळ परवानग्या '.ईटीसीकीपर' या लपलेल्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. चेकआउटनंतर लगेच 'ईटीसीकीपर इनिट' चालवलं की त्या परत लागतात. इथे क्रम चुकवू नका. आधी कमिट केलीत तर ती फाइल आत्ताच्या, म्हणजे बिघडलेल्या परवानग्यांवरून नव्याने लिहिली जाते. रोजची आपोआप होणारी कमिटही हाच घोळ घालू शकते.

आणि याला बॅकअप समजू नका. रिपॉझिटरी त्याच डिस्कवर असते, डिस्क गेली की इतिहासही गेला. दुसरं मशीन गिटमध्ये रिमोट म्हणून जोडून कॉन्फिगमधल्या 'पुश रिमोट'ला त्या रिमोटचं नाव दिलं की ईटीसीकीपरची प्रत्येक कमिट तिकडे जाते. ते मशीन स्वतःच्या ताब्यातलं हवं, कारण आत शॅडो, होस्टच्या प्रायव्हेट की आणि नेटवर्कमॅनेजरचे वायफाय पासवर्डही असतात. एकदा कमिट झालेलं गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) नंतर टाकून इतिहासातून जात नाही.

युजरचे क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या) व्हार फोल्डरमध्ये असतात, ते यात येत नाहीत. ते आणि 'एप्ट-मार्क शोमॅन्युअल'ची (स्वतः बसवलेल्या पॅकेजेसची) यादी रोज ईटीसीतल्याच एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवायची. नव्या मशीनवर अख्खं ईटीसी ओतू नका: यूयूआयडी, मशीन-आयडी आणि सिस्टिम युजरचे आकडे जुळत नाहीत.

कुरकुर एकच. लॉगमध्ये 'डेली ऑटोकमिट'ची रांग लागते आणि बदल का केला ते कुठेच सापडत नाही. 'अव्हॉइड डेली ऑटोकमिट्स'समोर 1 लिहून दर बदलाला हाताने कमिट करून कारण लिहिणं बरं.