तेंदूपत्ता की बांबू?

२००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभांपुढे प्रश्न आला: कमाईसाठी भर कशावर द्यायचा, विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्यावर की बांबूवर?

तेंदूपत्त्याचं बळ म्हणजे रोकड. ऐन उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, थोड्या दिवसांत घरात पैसा येतो आणि खरिपाची सोय होते. पण कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, कुठे कुठे जंगलाला आगही लावतात. त्यात नवी रोपटी जळतात. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळंही धरत नाहीत, मग माणूस आणि अस्वल दोघंही उपाशी.

बांबूला कष्ट जास्त, पण काम महिनोन्‌महिने पुरतं. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब फुटतात तेव्हा तोड बंद. पुढे बेटातला फक्त जून झालेला बांबू काढायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने मिळाले आणि विक्री ग्रामसभेच्या हाती आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणंच थांबवलं, सगळी भिस्त बांबूवर ठेवली.

मला पाचगावचा निर्णय मनापासून पटतो. मात्र जिथे बांबू विरळ आहे, तिथल्या लोकांना तेंदू सोडा म्हणणं अन्यायाचं होईल. तिथे आग आणि छाटणीवरची बंदी पानं घेणाऱ्या ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावी.