साडेआठ हजारांची बॅग आणि एक बकल: पोरगी पाठीवर घेऊन आठ महिने

मूल पाठीवर बसवून फिरायच्या बॅगचा हा रिव्ह्यू मी डिसेंबरातच लिहायला घेतला होता आणि तेव्हाच संपवला असता तर दोनच शब्दांचा झाला असता, घेऊ नका. आता मे चालू आहे, बॅग अजून दारामागे लटकलीय आणि पोरगी रोज सकाळी तिच्याकडे बोट दाखवून "टेकी, टेकी" (म्हणजे टेकडी) करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फ्रेमवाली, खाली स्टँड, वर छत, सगळ्यांनी पाहिलीय, स्पेसिफिकेशन उगाळत बसत नाही. सेलमध्ये ८,४९९ ला पडली. बायको म्हणाली एवढ्यात वॉशिंग मशीनचे निम्मे पैसे झाले असते. बाबा म्हणाले, तुला खांद्यावर बसवून पर्वती चढायचो, तू माझे केस धरायचास, तोच पट्टा. त्यांच्या डोक्याकडे बघता तो पट्टाही फार टिकलेला नाही, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

सप्टेंबरात लेक १५ महिन्यांची होती, साडेनऊ किलो. पहिले तीन रविवार खांदे असे धरले की सोमवारी ऑफिसात मान वळेना. चूक माझीच होती, मी कॉलेजच्या सॅकसारखी अडकवत होतो. कमरेचा पट्टा हाडावर येईल असा आधी घट्ट करायचा आणि खांद्याचे नंतर ओढायचे, मग वजन कमरेवर बसतं. हे कळल्यावर मात्र मजा यायला लागली. सकाळी सहाला कोथरूडहून निघायचं, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडी चढायची, खाणीपर्यंत जायचं, केळं खायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. मोर ओरडला की ही मागून "माऊ! माऊ!" ओरडते. पहिल्यांदा मी मांजर शोधत बसलो, नंतर कळलं की मोराचा आवाज खरंच तसा आहे, ४० वर्षं पुण्यात राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे मुलाचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर असतं. तुम्ही ग्लिरिसिडियाच्या फांदीखालून वाकून सहज जाता आणि मागून टक्क आवाज येतो. आमच्याकडे ते छतावर निभावलं, पण तेव्हापासून मी दर फांदीपाशी गुडघ्यातून बसतो, लोक बघतात, बघू देत. दुसरी म्हणजे थंडी. तुम्ही चढून घामाघूम, टी-शर्ट भिजलेला, आणि मूल मात्र हलत नसतं, ते गारठतं. नोव्हेंबरात एकदा तिची पावलं हातात धरली तर फ्रीजमधून काढल्यासारखी. मोजे घातले होते, त्यातला एक टेकडीवर कुठेतरी आहे.

आता मुख्य मुद्दा, बकल.

खांद्याचे दोन पट्टे छातीवर जोडायला जी आडवी पट्टी असते ना, तिचं बकल. बोटाच्या पेराएवढं. डिसेंबरात लोहगडला गेलो होतो, लोहगडवाडीत गाडी लावून पायऱ्यांनी. (युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले, त्यात लोहगड आहे आणि सिंहगड नाही, हे कुठल्याही पुणेकराला पचलेलं नाही, असो.) वर झकास झालं, विंचूकाटा, म्हणजे किल्ल्याची ती लांब सोंड, लांबूनच बघितला, वाऱ्याने तिचे गाल लाल. उतरताना हनुमान दरवाजाच्या खाली कट्ट आवाज आला आणि दोन्ही खांद्याचे पट्टे बाहेर सरकायला लागले. मूल आतल्या पट्ट्यात नीट बांधलेलं असतं, ते पडत नाही, पण भार मागे खेचायला लागतो आणि समोर उतरत्या पायऱ्या. एका हाताने पट्टे आवळून धरले, दुसरा हात भिंतीला, वर एक माकड बसून आमचं केळं कुठंय ते बघतंय. शेवटी बायकोने ओढणी काढून छातीवर गाठ मारली आणि गाडीपर्यंत तसाच आलो. समोरून चढणाऱ्या एका काकूंनी विचारलं, नवस आहे का?

घरी येऊन कंपनीला लिहिलं. नाव घेत नाही, पुन्हा त्यांचाच मेल यायचा. आधी बिल मागितलं, मग फोटो, मग व्हिडिओ. तुटलेल्या बकलचा व्हिडिओ काय काढणार, ते काय नाचतंय का? तरी काढला. १९ दिवसांनी उत्तर आलं की प्लास्टिकचे भाग झीज या सदरात येतात, वॉरंटीत नाहीत. बरं, विकत द्या म्हटलं. सुटे भाग मिळत नाहीत. मग काय करू? तर नवीन बॅगवर २० टक्के सूट. म्हणजे पेराएवढ्या प्लास्टिकसाठी मी आणखी सहा-सात हजार घालायचे! तोपर्यंत आमच्या २३ फेऱ्या झाल्या होत्या, मी शीट ठेवलंय, म्हणजे फेरीला ३७० रुपये पडले. एवढ्यात रिक्षाने खडकवासल्याला जाऊन मक्याचं कणीस खाता येतं. त्या रात्री लिहिलेला मसुदा अजून फोनमध्ये आहे, त्यातले शब्द इथे चालणार नाहीत.

बॅग महिनाभर माळ्यावर गेली. जानेवारीत रविवार पेठेत वेगळ्याच कामाला गेलो होतो, बॅगांचं सामान मिळतं तिथे एका दुकानात भिंतभर बकलं लटकलेली. मालकाला तुटका तुकडा दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, पाऊण इंची, ग्रे नाही, लाल आहे. ४० रुपये. बाहेर चप्पलवाल्याने जुनी शिवण उसवून पट्टीला दोनदा टाके मारले, २० घेतले आणि वर सांगितलं, साहेब, हे आधीच्यापेक्षा जाड आहे. खरंच जाड आहे. मी रस्त्यातच चार वेळा लावून काढून बघितलं.

इथपासून माझं मत फिरलं, हे कबूल. कंपनी भिकार आहे पण बॅग वाईट नाही. लाल बकल लागल्यापासून १८ फेऱ्या झाल्या, एकूण ४१. शीटमध्ये ते ६० रुपये धरूनसुद्धा फेरी २०९ वर आलीय.

अर्थात फेऱ्या आता बदलल्यात. पोरगी २३ महिन्यांची, ११.८ किलो, बॅगवर १८ किलोची मर्यादा लिहिलीय ती मूल आणि सामान मिळून, त्यामुळे पाणी बायकोकडे. शिवाय तिला चालायचं असतं. १० मिनिटं बसते की "खाली" सुरू, मग पाऊण तास ती दगड गोळा करते आणि मी रिकामी बॅग घेऊन मागे. दगड बॅगच्या खालच्या कप्प्यात जातात, तो कप्पा मजबूत आहे, पूर्ण मार्क. परवा वजन केलं, सव्वादोन किलो दगड घरी आलेत. काढू देत नाही.

शहरात मात्र ही वस्तू कटकट आहे. पीएमपीएमएलच्या बसमध्ये पाठीला लावून बसता येत नाही, उतरवली तर वाट अडते. वनाझला मेट्रोत जाताना गार्ड सवयीने म्हणाला, बॅग मशीनमध्ये टाका. आतून हात बाहेर आला आणि त्याला टाटा झाला. सारसबाग, पेशवे उद्यान असल्या ठिकाणी घरीच ठेवा, पोरं तिथे मोकळीच बरी.

आणि बकल आता तिचं आहे. मी रिकामी बॅग पाठीवर चढवून खाली बसतो, ती दोन्ही हातांनी ते दाबते, टिक आवाज आला की "झालं" म्हणते. मी घाईत स्वतः लावलं तर काढायला लावते आणि पुन्हा पहिल्यापासून. मग आत बसवायला बायको लागतेच.

पावसाळा तोंडावर आलाय आणि रेनकव्हर वेगळं विकतात, १,२९९ ला, म्हणजे छत्रीच्या कापडाचे. ते मी घेणार नाही. कोणाकडे याच मॉडेलचं कव्हर नुसतं पडून असेल तर सांगा, कोथरूड-कर्वेनगर भागात असेल तर स्वतः येऊन नेईन. ३०० पर्यंत देतो.